एकोणीस नंबर

चाळकेवाडीच्या पठारावर आमच्या चौतीस पवनचक्क्या.
प्रत्येकीच्या पायात एक डबा,
डब्याला एक पत्ता: चार आकडे, मध्ये तीन ठिपके.
माझ्या मोबाइलात साऱ्यांची हजेरी.
बोट दाबलं की हाक जाते.
उत्तर आलं तर हिरवा ठिपका,
तीन हाकांत नाही आलं तर लाल,
आणि लालच्या पुढे शब्द: बंद.

तो शब्द मीच लिहिलेला,
साताऱ्यात, पोवई नाक्यावरच्या ऑफिसात,
चहावर साय धरेपर्यंत विचार करून.

त्याआधीचं ॲप आणखी भोळं होतं.
ते फक्त मोबाइललाच विचारायचं, रेंज आहे का?
आहे, म्हणायचा मोबाइल.
म्हणजे इतकंच, की हाक उंबरा ओलांडू शकते.
पुढे ती कुणाच्या कानावर पडते, पडते की नाही,
याची त्याला काय कल्पना!
वीज पडून स्विच जळाला त्या दिवशीही
चौतीसच्या चौतीस हिरव्यागार,
आणि मी निवांत डबा खात बसलेलो.

आज एकोणीस नंबर बंद.
आणि मी एकोणीसच्याच पायथ्याशी उभा.
पाती फिरतायत.
सावली येते, माझ्या बुटांवरून,
मोबाइलच्या काचेवरून, त्या लाल ठिपक्यावरून
पुसल्यासारखी जाते,
ठिपका तसाच.

सात नंबर मात्र हिरवी.
बारा मिलिसेकंदांत ओ देते,
पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी.
तिची पाती मे महिन्यापासून बांधून ठेवलीयत,
गिअरबॉक्स चेन्नईहून यायचाय.

फोनवर इंगवले साहेब:
"एकोणीस हाय का न्हाय? एका शब्दात सांग."
"दिसतीय, साहेब."
"दिसतीय काय? ॲप काय म्हणतंय?"

ॲप काय म्हणतंय ते सांगायला तोंड उघडलं
तेवढ्यात कड्याच्या अंगाने हाक आली,
"चांदेऽऽ! ये, ये, ये!"
सोनाबाई झोरे. हातात विळा, डोक्याला टॉवेल.
तीनदा हाक मारली, मग गप्प उभी राहिली.
किती वेळ, ते मी मनात मोजलं,
सवयच आहे.
मग ती विळा कमरेला खोचून निघालीच.

"म्हस हरवली का, मावशी?"
"हरवंल कशाला? हाय की खाली झाडीत."
"मग ओ देईना ती?"
"दिली आसंल.
वारं हिकडनं तिकडं हाय न्हवं,
माजी हाक जाती तिला.
तिचं हंबरणं मला येत न्हाय."
जाता जाता म्हणाली,
"कास दुखाया लागली की यील आपसूक."

मी लाल ठिपक्याकडे पाहिलं.
मग डब्याचं झाकण काढलं.
हाक पोचत होती. दिवा लुकलुकत होता,
माझ्या प्रत्येक हाकेला एकदा, इमानदारीने.
परतीची वाट कुणीतरी चुकीची लिहिली होती,
आकड्यात आठाच्या जागी तीन.
अक्षर ओळखीचं वाटलं.
माझंच होतं.

तीन खोडून आठ केला. ठिपका हिरवा झाला.
पातींना त्याचं काही नव्हतं.

रात्री शाहूपुरीतल्या खोलीवर
ॲपमधला तो एकच शब्द बदलला.
"बंद" काढलं, लिहिलं "उत्तर आलं नाही".
आपल्याला खरोखर ठाऊक असतं ते तेवढंच.

सकाळी अकरा नंबर लाल झाली
आणि साहेबांचा फोन.
तीन शब्द रकान्यात मावत नव्हते,
शेवटचं अक्षर कापलं गेलं होतं,
अकराच्या पुढे नुसतं दिसत होतं:
उत्तर आलं ना

"आरं, आलं का न्हाय आलं?" साहेब ओरडत होते.
"मला इचारतंय का सांगतंय हे?"

रकाना रुंद करायला पाच मिनिटं लागतील.
अजून केलेला नाही.